भात केव्हा उतरला?

गेल्या दिवाळीच्या सुटीत आई, पत्नी, धाकटी बहीण, तिचे यजमान आणि त्यांची दोन मुले यांना घेऊन मी चार दिवसांच्या मुक्कामासाठी महाबळेश्वरास गेलो, तेव्हा राहण्याची तजवीज आधीच झालेली असली तरी जेवणाचा प्रश्न मी हेतुपूर्वक मोकळा ठेवला होता; कारण बाजारपेठेत आणि पाचगणीच्या रस्त्यावर पावलोपावली दिसणाऱ्या ‘अनलिमिटेड थाळी’ व ‘अनलिमिटेड बुफे’ या पाट्यांवर भिस्त ठेवून रोज एक ठिकाण पाहावे, दरांची तुलना करावी आणि जे सर्वांत किफायतशीर ठरेल तेथे उरलेले दिवस काढावेत, असा माझा बेत होता. या तुलनेसाठी मी दोनच मापे घेतली होती, माणशी दर आणि पदार्थांची संख्या. ही मापे अपुरी होती आणि त्यांची किंमत माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला मोजावी लागली. म्हणूनच सुटीवर निघणाऱ्या कुटुंबांच्या उपयोगी पडावा या हेतूने तो सारा प्रकार येथे तपशिलाने नमूद करीत आहे.

पहिल्या दिवशी आम्ही बाजारपेठेतल्या एका थाळीच्या ठिकाणी गेलो. बाहेरच्या पाटीवर माणशी 240 रुपये असा दर ठळक लिहिलेला होता आणि मुलांचा अर्धा दर धरून 1,440 रुपयांत सात माणसांचे पोटभर जेवण होईल असा हिशेब मी पायरीवरच मांडला. जेवण खरोखर चांगले होते. फुलका तव्यावरून थेट पानात येत होता आणि वाढपी आग्रहाने वाढत होते. परंतु बिल हाती आले तेव्हा पाच वर्षांवरील मुलांना पूर्ण दर लावलेला होता, न मागता मेजावर ठेवलेल्या पाण्याच्या चार बाटल्यांचे 80 रुपये धरलेले होते, श्रीखंडाची पहिली वाटीच काय ती थाळीत समाविष्ट असल्यामुळे पुढच्या तीन वाट्यांचे 120 रुपये वेगळे होते, त्या सर्वांवर दहा टक्के सेवा आकार आणि मग पाच टक्के जीएसटी अशी चढती भाजणी लावून एकूण रक्कम 2,171 रुपये झालेली होती. मुलांच्या दराचा नियम पाटीच्या तळाशी बारीक अक्षरांत होता, हे मी परत जाऊन पाहिले तेव्हा कळले. सेवा आकाराबद्दल मात्र मला तेव्हाच हरकत घेता आली असती. कारण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार उपाहारगृहाने हा आकार बिलात आपोआप जोडू नये, तो देणे न देणे ग्राहकाच्या मर्जीवर असावे, असा दंडक आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये त्या सूचना ग्राह्य ठरवल्या आहेत. मला ही माहिती नव्हती, म्हणून मी मुकाट्याने पैसे दिले.

त्या बिलाचा सल मनात असल्यामुळेच दुसऱ्या दिवशी माझी निवड चुकली. वेण्णा तलावावरून परतताना रस्त्याकडेच्या एका बुफेची पाटी दिसली. माणशी 220 रुपये, सर्व कर समाविष्ट, मुलांना निम्मा दर आणि 28 पदार्थ. मी आत जाऊन या प्रत्येक शब्दाची रुजुवात करून घेतली. पैशांच्या बाबतीत त्या ठिकाणाने शब्द तंतोतंत पाळला, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. परंतु जे विचारायला हवे होते ते मी विचारले नाही. तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले होते. दालनात आमच्याखेरीज एकच कुटुंब होते, आणि भिंतीला लागून मांडलेली ती 28 भांडी दुपारच्या बाराएक वाजल्यापासून तशीच होती.

आता आठवू लागलो की प्रत्येक खूण माझ्या डोळ्यांसमोर होती असे ध्यानात येते. पुलावाच्या भांड्याचे झाकण उचलले तेव्हा वाफ आली नाही. पाण्याच्या तबकाखालची बत्ती विझलेली होती आणि भांड्याची कड हाताला जेमतेम कोमट लागत होती. कडेची शिते वाळून काचेसारखी कडक झाली होती, मधला भात मात्र ओलसर आणि एकमेकांना चिकटलेला होता. शेजारच्या रश्शावर जाड पापुद्रा धरला होता. आम्ही पाने वाढून घेत असतानाच एक मुलगा स्वयंपाकघरातून गरम पुलावाची परात घेऊन आला आणि त्याने तो नवा पुलाव जुन्याच्या वरच ओतला. आईने हे पाहिले आणि ती फक्त एवढेच म्हणाली, “अरे, पंगतीत माणसं भाताची वाट बघतात, इथं भातच सकाळपासून माणसांची वाट बघतोय.” तिने स्वतः दही आणि एक पोळी एवढेच घेतले. मी तिचे बोलणे वयोपरत्वे येणारा नेमस्तपणा समजून सोडून दिले, आणि भाच्याला पुलाव आवडतो म्हणून त्याच्या पानात दुसऱ्यांदा वाढला.

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास त्याला उलट्या सुरू झाल्या. रात्री दहापर्यंत पोटात पाण्याचा घोटही ठरेना, डोळे खोल गेले, आणि लॉजच्या खोलीत बहीण त्याचे डोके मांडीवर घेऊन बसलेली असताना गावातल्या डॉक्टरांना गाठण्यासाठी मी थंडीत धावत होतो. डॉक्टरांनी सलाईन लावले, आणि कोणता पदार्थ बाधला हे निश्चयाने सांगता येणार नाही असे बजावूनही त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “भात खाल्ला होता का, आणि तो केव्हाचा होता?”

तो प्रश्न त्यांनी का विचारला हे त्यांनीच समजावून सांगितले. तांदळात एका जंतूची बीजे स्वभावतःच असू शकतात, ती उकळत्या पाण्यातही मरत नाहीत, आणि शिजलेला भात तासन्‌तास कोमट राहिला तर त्यांतून वाढणारे जंतू असे विष सोडतात की भात पुन्हा तापवला तरी ते नष्ट होत नाही; असा भात पोटात गेल्यावर एक ते सहा तासांत उलट्या होतात. म्हणूनच शिजलेले अन्न वाढेपर्यंत 60 अंश सेल्सिअसच्या वर तापते ठेवावे आणि साध्या हवेत दोन तासांहून अधिक राहू देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुन्या पुलावावर नवा ओतण्याचा शिरस्ता किती घातक आहे, हे यावरून ध्यानात येईल. वरची वाफ खालच्या भाताचे वय झाकते, एवढेच तिचे कार्य.

तिसऱ्या दिवशी भाचा मीठ-साखरेच्या पाण्यावर होता. आम्ही जेवायला लॉजच्या मागच्या गल्लीतील एका लहान खानावळीत गेलो. तेथेही जेवण अमर्यादितच होते, पण पदार्थ सहा: पोळी, दोन भाज्या, वरण, भात, ताक. दर 200 रुपये. आम्ही बसलो तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, “दहा मिनिटं थांबावं लागेल, भात उतरतोय. इथं उंचावर डाळतांदूळ शिजायला वेळ घेतात.” त्यांचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,370 मीटर उंचीवर पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळते. या अडचणीवर तोड म्हणून कोणी सकाळीच मोठे हंडे रांधून ठेवतो, तर कोणी लहान पातेल्यांत पुन्हापुन्हा रांधून गिऱ्हाइकाला थांबवतो. स्वस्त अमर्यादित जेवणाच्या दोन ठिकाणांतला खरा फरक येथे आहे, आणि तो कोणत्याही दरपत्रकावर लिहिलेला नसतो.

पर्यटनस्थळी हा फरक अधिक जपून पाहावा लागतो. आपल्या गावातल्या खानावळवाल्याला उद्याही आपण हवे असतो. सुटीतला प्रवासी मात्र बहुधा पुन्हा न येणारा, म्हणून तेथे नाराज गिऱ्हाइकाचा वचक नसतो. शिवाय अल्प दरात 28 पदार्थ मांडायचे तर ते एकदाच आणि मोठ्या प्रमाणावर रांधून ठेवल्याशिवाय खर्च भागत नाही. यात दरवेळी कोणाची लबाडी असते असे मी म्हणणार नाही. पण पदार्थांची संख्या वाढते तसे प्रत्येक पदार्थाचे वय वाढते, हा हिशेब अटळ आहे.

म्हणून माझी कळकळीची विनंती अशी की, पान हाती घेण्यापूर्वी एकदा सर्व भांड्यांवरून रिकाम्या हाताने फिरून यावे. बत्त्या पेटलेल्या आहेत का, झाकण उचलताच वाफ येते का, नवे अन्न स्वच्छ भांड्यात येते की जुन्यावर ओतले जाते, हे पाहावे. जेवणाची वेळ साडेबारा ते दीडच्या दरम्यान, गर्दीत साधावी. त्या वेळी भांडी लवकर रिकामी होतात आणि रांधणे चालू असते. उशीर झालाच तर बुफेचा नाद सोडून समोर तव्यावर भाजलेले काही मागवावे. चिरून ठेवलेली फळे, कच्ची कोशिंबीर आणि ओल्या नारळाची चटणी मुलांना देऊ नये. पहिल्या फेरीत प्रत्येक पदार्थ चमचाभरच घ्यावा. त्याने प्रकृती राखली जाते, पानात टाकलेल्या अन्नाचा दंड आकारणाऱ्या ठिकाणी पैसे वाचतात, आणि अन्नही वाया जात नाही. जेवून लगेच पसरणी घाट उतरायचा असेल तर पोट हलके ठेवावे.

पैशांची खातरजमा बसण्यापूर्वीच करावी: मुलांचा दर, कर, पाणी, दुसऱ्यांदा घेतलेले गोड आणि सेवा आकार या पाच बाबी विचारून एकूण आकडा कागदावर लिहून मागावा. न पटणारा आकार लावलाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते. अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक दर्शनी भागात आणि बिलावर असतो. तो टिपून ठेवला तर प्रकृती बिघडल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे दाद मागणे सुलभ जाते. आम्ही तो टिपला नव्हता, बिलही जपले नव्हते.

चौथ्या दिवशी निघण्यापूर्वी भाच्याला भूक लागली, म्हणून त्याला त्याच खानावळीत नेले. मालकीणबाईंनी याही वेळी थांबायला सांगितले. आदल्या दिवसांचा मी असतो तर घड्याळ पाहिले असते. त्या दिवशी मात्र आम्ही सातही जण बाकांवर स्वस्थ बसून राहिलो. आतून पातेल्यावर झाकण हलल्याचा आवाज येत होता, आणि काही वेळाने बाईंनी मऊ भाताची वाफाळती मूद मुलाच्या पुढ्यात ठेवून वर वरण आणि तुपाची धार घातली. आईने त्या वाफेवर हात धरून पाहिला, आणि मगच त्याला म्हणाली, “जेव बाळा.”