तुरीचे तास

पूर्णा नदीकाठी, दर्यापूर-अकोल्याकडे, खारपाण पट्टा आहे. तिथे विहिरीचे पाणी खारट. शेती पावसावर. तरी तूर येते. तिचे मूळ खोल जाऊन ओल शोधते.

शेतकरी पराटीत तुरीचे तास धरतात. हिरवे झाड अलगद खणून मुळी पाहा. बारीक गाठी दिसतील. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरून पिकाला देतात. गळलेला पाला जमिनीत मुरतो. डाळ आपल्याला, कुटार बैलाला, तुराट्या चुलीला. असे दुसरे पीक दाखवा बरं भाऊ!

आता कोंबडीचा हिशेब करू. पोल्ट्रीतली कोंबडी मका आणि सोयाबीनची पेंड खाते. तिचे वजन १ किलो वाढायला दीड ते दोन किलो खाद्य लागते. त्यातून पिसे, हाडे वजा करा. म्हणजे आधी शेत पिकवा, मग ते पक्ष्याला चारा. डाळ मात्र अकोल्याच्या दालमिलमध्ये भरडली की ताटात येते. तेवढ्याच जमिनीत जास्त माणसे जेवतात. रानात चरणाऱ्या बकरीची गोष्ट वेगळी, ती धान्य मागत नाही. पण बकऱ्या फार झाल्या तर गायरान उजाड होते.

मग ताकद कशी येणार? ज्वारीच्या भाकरीत जे कमी ते तुरीत आहे, तुरीत कमी ते भाकरीत. दोन्ही एकत्र खा. लेकरांना वरण घट्ट वाढा.