उपशामक परिचर्या : प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि परिचारिकेची वाटचाल

मुंबईत किरणोपचार घेऊन मुखकर्करोगाचा रुग्ण मुरूड वा श्रीवर्धनकडील एखाद्या कोळीवाड्यात परततो, तेव्हा पुष्कळदा उपचार संपलेले असतात आणि वेदना मात्र वाढत असते. पावसाळ्यात गेटवे–मांडवा लाँच बंद. रस्त्याने मुंबई गाठणे अशा रुग्णास सोसवत नाही. मशेरी व तंबाखूची सवय आपल्या किनाऱ्यावर किती रुजलेली आहे, हे वाचकांस सांगावयास नको. अशा घरी प्रथम पोहोचते ती परिचारिका. तिने काय शिकलेले असावे आणि त्या शिक्षणास मान्यता कोठे मिळते, याचा विचार येथे केला आहे.

या सेवेचा आधुनिक पाया घालणाऱ्या डेम सिसिली साँडर्स प्रथम परिचारिका होत्या, मग समाजसेविका व त्यानंतर डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. शरीराची, मनाची, कुटुंबाची व पैशाची विवंचना मिळून एकच वेदना होते, ही त्यांची मांडणी आजही प्रत्येक अभ्यासक्रमाच्या आरंभी शिकविली जाते. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना, १९८६ मध्ये वांद्र्यास सुरू झाले. १९९४ मध्ये इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर ही संस्था स्थापन झाली.

आपल्याकडील परिचारिकेची वाट अशी : जी. एन. एम. वा बी. एस्सी. नर्सिंग, राज्य परिचर्या परिषदेची नोंदणी, आणि त्यानंतर या विषयाचे प्रमाणपत्र. वरील असोसिएशनचा प्राथमिक अभ्यासक्रम डॉक्टर व परिचारिका दोघांसाठी आहे. अधिक सखोल शिक्षण हवे असल्यास केरळकडे पाहावे लागते. तेथील संस्थांतील सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात परिचारिका गृहभेटींच्या पथकाबरोबर प्रत्यक्ष हिंडते. जखमेची दुर्गंधी कमी करणे, तोंडाची निगा, लिम्फसूज, आणि सर्वांत अवघड म्हणजे अशुभ वार्ता कशी सांगावी, हे तेथे शिकावयास मिळते. वर्गातल्या फळ्यावर हे येत नाही, असा आमचा अनुभव आहे. पुढे कर्करोग परिचर्येची पदविका किंवा एम. एस्सी. करून अध्यापनाकडेही जाता येते.

‘नर्स प्रॅक्टिशनर’ ही पायरी मात्र वेगळी आहे. अमेरिकेत तिचा उगम १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात झाला. तेथे उपशामक सेवेतील उच्च प्रमाणपत्राच्या परीक्षेस बसण्यापूर्वी पदव्युत्तर शिक्षणाखेरीज वर्षभरात ५०० किंवा दोन वर्षांत १,००० तासांचे काम दाखवावे लागते. इंग्लंडमध्ये पात्र परिचारिकांना २०१२ पासून मॉर्फिनसारखी नियंत्रित औषधेही लिहून देता येतात. भारतीय परिचर्या परिषदेने नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला तो अतिदक्षता विभागासाठी. मरणाच्या वाटेवरील रुग्णापेक्षा यंत्राला जोडलेला रुग्ण आधी आठवावा, याचे आम्हांस वाईट वाटते. परंतु एक वाट पडली की दुसरी पडावयास वेळ लागत नाही, अशीही आशा आहे.

औषधाचा प्रश्न यातच गुंतलेला आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन ठेवणे पूर्वीपेक्षा सुकर झाले. तरीही चिठ्ठी डॉक्टरांचीच लागते. म्हणून घरी गेलेल्या परिचारिकेचे कौशल्य हे आहे की, तिने वेदनेची तीव्रता मोजावी, मागील मात्रेचा परिणाम व बद्धकोष्ठ नोंदवावे आणि डॉक्टरांना दूरध्वनीवर असे नेमके सांगावे की त्यांना मात्रा ठरविता यावी. बद्धकोष्ठाची नोंद क्षुल्लक वाटेल. पण मॉर्फिनबरोबर रेचक न दिल्यामुळे रुग्ण गोळीच टाकून देतात.

राहिला प्रश्न नोकरीचा. सहा आठवडे शिकून आलेल्या परिचारिकेस परत सर्वसाधारण कक्षाच्या पाळीत घातले, तर वर्षभरात ती मुंबईस वा आखातात जाते, आणि तिला दोष देता येत नाही. यास्तव विश्वस्त मंडळापुढे आम्ही तीन गोष्टी ठेवल्या आहेत : प्रशिक्षणाचा काळ पूर्ण वेतनी धरावा, ‘उपशामक परिचारिका’ हे पद वेतनश्रेणीसह निर्माण करावे, आणि आठवड्यातील गृहभेटींचे दिवस पाळीपत्रकात आधीच लिहिलेले असावेत. पहिल्या दोन परिचारिकांची नावे मेट्रनकडे आली असून त्यांपैकी एकीला लहान मूल असल्याने तिची तुकडी पावसाळ्यानंतरची ठेवावी, अशी तिची विनंती आहे.