चमत्काराच्या आधीची डागडुजी



आजचं वाचन: श्रीगजानन विजय ग्रंथ, अध्याय ९.

नववा अध्याय म्हटलं की आपल्याला लगेच गोविंदबुवा टाकळीकरांचा घोडा आठवतो. भयंकर खोड्याळ जनावर. लाथा मारायचा, चावायचा, दावं तोडून पळायचा. बुवा कीर्तनासाठी शेगावला आले आणि रात्री हा घोडा देवळासमोर बांधला होता. महाराज आले आणि थेट त्याच्या चार पायांच्या मधे जाऊन निजले. बुवांना जाग आली ती आवाजाने नाही, शांततेने. रोज धिंगाणा घालणारा घोडा आज गप्प कसा? बाहेर येऊन बघतात तर हे दृश्य.

पुढे त्याच अध्यायात बाळापूरच्या सुकलालची गाय येते. तीही तशीच. अख्ख्या गावाला वैताग. तिला मोठ्या मुश्किलीने साखळ्यांनी बांधून शेगावला आणलं आणि महाराजांनी सांगितलं की आधी हे सगळं सोडा. साखळ्या निघाल्या आणि गाय महाराजांचे पाय चाटू लागली.

या दोन कथांवर आपण खूप वेळा बोललोय. आज मला त्यांच्या आधीच्या चार-दोन ओव्यांबद्दल लिहायचंय. पारायणात आपण त्या भराभर वाचून पुढे जातो, कारण कधी एकदा घोडा येतो असं झालेलं असतं.

त्या ओव्यांमध्ये दासगणू महाराज एवढंच सांगतात: शेगावात एक जुनं शिवमंदिर होतं. मोटे नावाच्या सावकारांनी त्याचा जीर्णोद्धार केला. आणि मग ते जरा थांबून श्रीमंतांना एक कोपरखळी मारतात, की आताशा पैसेवाल्यांना देऊळ म्हणजे ताप वाटतो, त्यांचं प्रेम मोटार, क्लब आणि सायकल यांच्यावर. ग्रंथ पूर्ण झाला शके १८६१ मध्ये, म्हणजे १९३९ साली. तेव्हा सायकल ही चैन होती! मोटे त्याला अपवाद होते, म्हणून लोक त्या देवळाला मोट्यांचं मंदिर म्हणू लागले. बस्स. यानंतर गोविंदबुवा येतात, घोडा येतो.

मी हा अध्याय या वेळी वाचला तेव्हा माझ्या हाताला पॉलिश पेपरचा लाल चिखल लागलेला होता. म्हणून बहुधा या ओव्यांशी थांबलो.

झालं असं. सध्या मी घरून काम करतोय, खामगावला. पोळा जवळ आलाय. आपल्या विदर्भात मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा असतो, हे पुण्या-मुंबईतल्या वाचकांसाठी सांगतो. लाकडाचे किंवा मातीचे छोटे बैल सजवून मुलं मिरवतात. माझी पुतणी सहा वर्षांची आहे. तिच्याकडे बैलजोडी आहे, एक घोडा आहे, दोन गायी आहेत आणि कुठून तरी आलेला एक डायनासोर आहे. तिचं म्हणणं, "काका, यांना गोठाच नाही. पावसात भिजतील ना!"

भंगारवाल्या काकांच्या गाड्यावर एक प्लॅस्टिकचा खेळण्यातला गोठा सापडला. परदेशी पद्धतीचं शेतघर असतं ना, उतरतं छप्पर, पुढे दोन झापांचं दार, तसं. उन्हाने लाल छपराचं फिकट गुलाबी झालेलं. भिंतींवर अर्धवट सोललेले स्टिकर, कोपऱ्यात काळा चिकट थर. पण एकही तडा नाही. काकांनी साठ रुपये सांगितले, मी दिले.

रंगाचं विचारायला गल्लीच्या तोंडाशी गॅरेजमध्ये गाड्यांचे बंपर रंगवणाऱ्या दादांकडे गेलो. त्यांनी गोठा उलटा केला, तळाकडे बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, आधी हा नंबर पाहा. त्रिकोणात पाच हाय. साधा रंग माराल त पोपडे निघतेत. आधी धुवा लागते, घासा लागते, मंग प्रायमर. रंग त काय, दहा मिनिटाचं काम हाय."

त्रिकोणातला पाच म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. गाड्यांचे बंपरही बहुतेक याच जातीचे. या प्लॅस्टिकवर पाण्याचा थेंब टाकून बघा. पसरत नाही, गोळा होऊन बसतो. पाणी जसं पसरत नाही तसाच रंगही धरत नाही. वरून छान दिसतो, पण आत पकड नसते. नख लागलं की पापुद्रा सुटतो. २ किंवा ४ नंबरच्या पॉलिथिनचंही तेच. कठीण, टणक एबीएस प्लॅस्टिक असेल तर मात्र रंग बऱ्यापैकी बसतो.

तुमच्यापैकी कुणाला घरी करायचं असेल तर आम्ही केलेला क्रम हा असा:

१. स्टिकरच्या गोंदावर खोबरेल तेल लावून रात्रभर ठेवलं. सकाळी गोंद बोटाने निघाला. मग भांड्याच्या साबणाने दोनदा धुतलं, कारण आता तेलही काढायचं होतं. वाळल्यावर स्पिरिटच्या फडक्याने पुसलं.

२. ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून सगळीकडे हलकं घासलं, चकाकी जाईपर्यंत. ओलंच घासायचं. जुन्या प्लॅस्टिकच्या रंगात शिसं किंवा कॅडमियम असू शकतं, त्याची कोरडी धूळ घरात उडायला नको. हे काम पुतणीला दिलं नाही. प्लॅस्टिक ठिसूळ झालं असेल, हाताला पांढरी भुकटी लागत असेल, तर ते खेळणं घेऊच नका.

३. प्लॅस्टिक प्रायमरचा एक पातळ हात. याचं कामच हे, की खाली प्लॅस्टिकला धरायचं आणि वर रंगाला.

४. मग रंग. वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, पातळ, तीन वेळा, मधे पंधरा मिनिटं थांबून. श्रावणातल्या दमट हवेत स्प्रेचा रंग पांढुरका पडतो, म्हणून पाऊस उघडून ऊन पडलेल्या दुपारची वाट पाहिली.

५. चिकटपट्टी लावून खस्सकन ओढून बघितली. रंग आला नाही. त्यानंतरही आठवडाभर खेळायला दिलं नाही, कारण वरून वाळलेला रंग आतून पक्का व्हायला वेळ लागतो.

एक सूचना. भारतात घरगुती रंगांमध्ये शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू आहे. जुना, घरात पडलेला डबा वापरू नका. डब्यावर शिसं नसल्याचं लिहिलेलं बघूनच घ्या. आणि वस्तू तोंडात घालायच्या वयाचं बाळ घरात असेल तर रंगवलेलं खेळणं त्याच्या हाती देऊच नका.

आता भिंती चुन्यासारख्या पांढऱ्या आहेत, खाली गेरूचा पट्टा आहे आणि छप्पर कवेलूच्या तांबड्या रंगाचं आहे. विलायती शेतघराचा वऱ्हाडी गोठा झालाय.

या सगळ्याला बारा दिवस लागले. त्यातला रंगाचा वेळ किती? पुतणीच्या आजोबांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, पोळ्याला बैलाचं दुसरं काय करतो आपण? आदल्या दिवशी खांदेमळणी. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्याला लोणी-हळद चोळायची. जेवायचं आमंत्रण द्यायचं. सकाळी नदीवर नेऊन धुवायचं. मग शिंगं साळायची. आणि हे सगळं झालं की शिंगांना रंग, बेगड, पाठीवर झूल. शहरातून येणारा पाहुणा फक्त शिंगांचा रंग बघतो, फोटो काढतो. पण शेतकऱ्याचं प्रेम कुठे असतं? त्या खांद्यावर चोळलेल्या लोण्यात असतं. त्याचा फोटो कुणी काढत नाही.

मंडळी, इथे मला मोट्यांच्या ओव्या पुन्हा आठवल्या.

विचार करा. देऊळ पडकंच राहिलं असतं तर? तिथे कीर्तन कशाला ठेवलं असतं? कीर्तन नसतं तर बुवा कशाला आले असते? बुवा आले नसते तर त्यांचा तो घोडा त्या रात्री तिथे उभा नसता. महाराजांना काय अशक्य होतं, असं तुम्ही म्हणाल. खरंच आहे. पण दासगणू महाराजांनी कथा सांगताना सुरुवात घोड्यापासून केली नाही, डागडुजीपासून केली. कुणीतरी आधी दगड साफ केले, भिंती नीट केल्या, देवाचं नाव घ्यायला एक जागा करून दिली. मोट्यांना थोडंच माहीत होतं की पुढे इथे काय घडणार आहे?

जीर्णोद्धार या शब्दात उद्धार आहे. जीर्ण झालेलं मोडून फेकायचं नाही, त्याला वर काढायचं. आणि वर काढायचं कशासाठी, तर कुणाला तरी तिथे येऊन राहता यावं म्हणून. गोठा चांगला दिसावा एवढ्यासाठी तो रंगवायचा नसतो, त्यात जनावरं यायची असतात.

आपण तरुण मंडळी साधनेला बसतो तेव्हा घाई कशाची असते, हे ज्याने त्याने बघावं. सात दिवसांत मन शांत व्हावं, पारायण संपलं की राग गेलेला असावा, घोड्यासारखं एका रात्रीत काहीतरी घडावं. घडलं नाही की वाटतं, आपली भक्तीच खोटी. इथे पुष्कळ जण पोथी बंद करतात, ती कायमची. माझ्या ओळखीत असे आहेत, तुमच्याही असतील.

त्यांना मला एवढंच सांगावंसं वाटतं की घोड्याला शांत करणं हे आपलं काम कधी नव्हतंच. ते महाराजांचं काम. आपल्या वाट्याला मोट्यांचं काम आलंय. रोजची पाच मिनिटं, ठरलेली जागा, धुतलेले हात, एक अध्याय किंवा दहा ओव्या. कुणाशी बोलणं तुटलं असेल तर तो चिकट थर हळूहळू सोडवणं. यातलं काहीच दिसायला भारी नाही. गीतेच्या पाचव्या अध्यायात अकराव्या श्लोकात भगवान योग्यांबद्दल हेच सांगतात, की ते शरीराने, मनाने, बुद्धीने कर्म करत राहतात, आसक्ती सोडून, आत्मशुद्धीसाठी. म्हणजे योग्यालाही धुणं-घासणं सुटलेलं नाही!

आणि नाम? मला ते प्रायमरसारखं वाटतं. माझ्या गुळगुळीत मनावर भक्तीचा रंग धरत नाही हे मला माहीत आहे. पण नाम मनालाही धरतं आणि देवालाही.

दृष्टान्त इथपर्यंतच चालतो, हेही सांगायला हवं. प्लॅस्टिकचा गोठा आतून बदलला नाही. प्रायमर खरवडला तर खाली तेच पॉलिप्रॉपिलीन आहे. सुकलालच्या गायीचं तसं नव्हतं. ती आतून निवली, म्हणून साखळ्या सोडल्यावरही ती शांत राहिली. आपण घासून-पुसून जागा करू शकतो. आतलं निवणं हे कृपेचं. दोन्हींची गल्लत झाली की एक तर अहंकार येतो, नाही तर निराशा.

परवा गोठ्यात जनावरं लावताना पुतणीने डायनासोरला सगळ्यात आत, गव्हाणीपाशी बांधलं. मी म्हटलं, अगं तो गायींना चावेल. ती म्हणाली, "चावतो म्हणूनच तर आत घेतला. बाहेर एकटा राहिला तर आणखी चिडेल." घोड्याची गोष्ट तिला आजीने सांगितलेली आहे. मला मात्र आमच्या घरातली, ऑफिसातली दोन-तीन माणसं आठवली, ज्यांना सगळ्यांनी खोड्याळ ठरवून साखळीनेच बांधून ठेवलंय.

आजचा अभ्यास:

अध्याय ९ पुन्हा वाचा, पण घोड्याच्या आधी थांबा. मोट्यांच्या ओव्या दोनदा वाचा.

घरातली एक जुनी वस्तू फेकायच्या आधी हातात घ्या. तडा नसेल तर धुऊन बघा. दुसऱ्याला द्यायची असेल तर धुऊन, पुसूनच द्या.

ज्या माणसाशी बोलताना तुम्ही आधीच साखळी हातात घेता, त्याच्याशी आज एक वाक्य साखळीशिवाय बोलून बघा.

उद्या अध्याय १०. महाराजांबरोबर अमरावतीला जायचंय. पोथी आत्ताच जवळ काढून ठेवा.

जय गजानन!