तासाचा दर नंतर, आधी मालक कोण ते विचारा

न्यू जर्सीत औषध कंपन्यांच्या रेग्युलेटरी विभागात कंत्राटी कामाला येणाऱ्यांना एडिसन-प्लेन्सबरोच्या आम्हा जुन्या कुटुंबांचं पहिलं सांगणं हे, की तासाचा दर ऐकून हुरळून जाऊ नका. पगार नेमका कोण देणार, ते आधी विचारा. काम औषध कंपनीचं असलं तरी मालक बहुधा स्टाफिंग एजन्सी असते. डब्ल्यू-२ वर, म्हणजे एजन्सीचे नोकर म्हणून, असाल तर कर कापून पगार हातात येतो. १०९९ वर, म्हणजे स्वतंत्र कंत्राटदार म्हणून, असाल तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा मालकाचा वाटाही तुम्हीच भरायचा, एकूण १५.३ टक्के. शिवाय वर्षातून चारदा आगाऊ कर. रजा आणि आरोग्यविमा त्याच दरातून भागवायचा.

एच-१बी असेल तर १०९९ चा विचारच नको. दोन प्रोजेक्टच्या मधल्या काळात एजन्सीने बिनपगारी बसवून ठेवणं बेकायदा आहे, हे पक्कं लक्षात असू द्या. पुष्कळ मुलं भिडेपोटी गप्प बसतात. नोकरी सुटली तर देशात राहायची सवलत जास्तीत जास्त ६० दिवसांची. एच-४ वाल्यांपैकी ज्यांच्या जोडीदाराचा आय-१४० मंजूर आहे, त्यांच्यासाठी २०१५ पासून ईएडीची, म्हणजे कामाच्या परवान्याची, सोय आहे, आणि त्यावर १०९९ चालतं.

वेर्ण्याला किंवा सिन्नरला अमेरिकेच्या फायली केल्या असतील तर तो अनुभव इथे खरोखर मोलाचा आहे. फक्त रेझ्युमेत 'सबमिशन हाताळली' असं मोघम लिहू नका. मॉड्यूल ३ मधला कोणता भाग स्वतः लिहिलात, एफडीएच्या कोणत्या प्रश्नांना उत्तरं दिलीत, ते लिहा.

कामात कस लागतो तो निर्णयाच्या वेळी. समजा, साध्या गोळीची बॅच पाच लाखांवरून पंधरा लाखांवर न्यायची आहे. तिप्पटच तर आहे, वार्षिक अहवालात दाखवू, असं मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच. पण एफडीएच्या १९९५ च्या मार्गदर्शनात दहापटीची मर्यादा मोजली जाते ती बायोबॅचपासून, म्हणजे जैवसमतुल्यतेची चाचणी ज्या बॅचवर झाली तिच्यापासून, सध्याच्या बॅचपासून नव्हे. बायोबॅच एक लाखाची असेल तर ही वाढ पंधरापट झाली आणि वार्षिक अहवालावर भागणार नाही. म्हणून कंत्राटी माणसाने पहिल्याच आठवड्यात जुनी मूळ फाइल मागून घ्यावी. नवीन आहोत म्हणून संकोच करू नये. औषध शेवटी कोणाच्या तरी आजारी आईच्या हातात पडतं.

असा निर्णय झाला की त्याच दिवशी कारणासह ईमेल करा, आणि ते कंपनीच्या चेंज कंट्रोलमध्येही नोंदवा. सहा महिन्यांनी तुमचा लॅपटॉप परत जातो, ईमेलचं खातं बंद होतं. पुढचा अहवाल लिहिणाऱ्याला तुमचा फोन नंबरही ठाऊक नसतो. त्याच्यासमोर असते फक्त ती नोंद.