नर्स घेऊ की रेथ?

चि. सई हिस,


‘डेड बाय डेलाइट’मध्ये सगळ्यांत भारी किलर कोण आणि सगळ्यांत भारी सर्व्हायव्हर कोण, एवढाच तुझा प्रश्न आहे आणि सोबत तू पात्रांना ताकदीप्रमाणे ओळी लावणारी एक टियर लिस्ट जोडली आहेस. यादीशी माझे भांडण नाही. नर्स आणि ब्लाइट वरच्या ओळीत, ट्रॅपर तळाजवळ, हे कुठलाही मुरलेला खेळाडू मान्य करील. पण यादी करणारा हिशेब धरतो तो एखाद्या पात्राकडून जास्तीत जास्त किती काढता येईल याचा, आणि तेही हजारो तास घासलेल्या हातांनी. तुझ्या हाताला त्यातले किती लागेल, हे त्या यादीत कुठेच लिहिलेले नसते. माझे म्हणणे असे की, या खेळात पात्राची किंमत सेकंदांत मोजावी आणि ते सेकंद तुझ्या स्वतःच्या सामन्यांतले असावेत. हे पटवायला थोडी आकडेमोड करावी लागेल. कंटाळा करू नकोस.

मॉन्ट्रियलच्या बिहेवियर इंटरॅक्टिव्हने हा गेम जून २०१६ मध्ये आणला. तेव्हापासून मूळ घडण तीच आहे: एकीकडे एकटा किलर, दुसरीकडे चार सर्व्हायव्हर. मॅपवर सात जनरेटर असतात, त्यांतले पाच दुरुस्त झाले की बाहेर पडायच्या फाटकांना वीज मिळते. एकट्याने एक जनरेटर उरकायला ९० सेकंद लागतात, म्हणजे पाचांचे काम ४५० सेकंदांचे. किलर एकाच्या मागे लागला की उरलेले तिघे तीन जनरेटरांना भिडतात आणि येण्याजाण्याचा वेळ सोडला तर अडीच मिनिटांत सगळे आटोपते. उलट किलरला चौघांनाही संपवायचे असेल तर सहसा प्रत्येकाला तीनदा, म्हणजे एकूण बारा वेळा हुकवर टांगावे लागते. अडीच मिनिटे आणि बारा हुक हे दोन आकडे शेजारी ठेवून बघ, म्हणजे दोन्ही बाजू खरे तर घड्याळाशीच झगडतात हे दिसेल. खो-खोच्या सामन्याच्या बातमीत पळणाऱ्या खेळाडूच्या नावापुढे त्याने किती वेळ संरक्षण केले ते मिनिट-सेकंदांत छापतात. इथेही तेच माप लावायचे. तू किलरला साठ सेकंद झुलवलेस, तर तेवढ्यात तिघांचे मिळून १८० सेकंदांचे काम झाले, म्हणजे दोन जनरेटर. मग तू स्वतः एकाही जनरेटरला बोट लावले नसलेस तरी चालेल.

या मापाने आधी सर्व्हायव्हर बघू, कारण तिथे प्रश्न लवकर सुटतो. ड्वाइट, मेग, क्लॉडेट आणि जेक या पहिल्या चौघांपासून ते २०२३ मध्ये खुद्द निकोलस केज म्हणूनच आलेल्या निकोलस केजपर्यंत सगळे सेकंदाला चार मीटर याच वेगाने पळतात. जनरेटर सगळ्यांच्या हातून सारख्याच वेळात होतो आणि दोन फटक्यांत सगळे सारखेच आडवे होतात. २०२२ मध्ये भारतीय वंशाची हॅडी कौर आली तेव्हा आपल्याकडच्या अनेकांना बरे वाटले असेल, पण तिच्याही पायांत तेवढेच बळ आहे. फरक पडतो तो पर्कमुळे, म्हणजे पात्राला लावायच्या खास कौशल्यांमुळे. प्रत्येक पात्र स्वतःचे तीन पर्क घेऊन येते, सामन्यात तू चार लावू शकतेस आणि एखाद्या पात्राला प्रेस्टिजच्या पहिल्या पातळीपर्यंत नेलेस की त्याचे पर्क बाकीच्या सगळ्या सर्व्हायव्हरांनाही मिळू लागतात. म्हणजे सर्व्हायव्हर निवडताना खरा प्रश्न एवढाच उरतो की, कोणाचे तीन पर्क आधी पदरात पाडून घ्यायचे.

मेगचा स्प्रिंट बर्स्ट घे. पळायला सुरुवात केली की तीन सेकंद दीडपट वेग मिळतो, म्हणजे नेहमीपेक्षा सहा मीटर जास्त. बहुतेक किलर सेकंदाला ४.६ मीटर चालतात, तुझ्यापेक्षा ०.६ मीटर अधिक, तेव्हा हे सहा मीटर भरून काढायला त्याला दहा सेकंद खर्चावे लागतात. त्या दहा सेकंदांत तीन साथीदारांचे तीस सेकंदांचे काम, म्हणजे एका जनरेटरचा तिसरा हिस्सा होतो. कागदावर हा सौदा झकास आहे. आता गोम बघ. हा पर्क बटण दाबून सुरू होत नाही, पळायला लागताच आपोआप पेटतो. नवा खेळाडू सामना सुरू झाल्या झाल्या जनरेटरकडे धावत सुटतो, पर्क तिथेच जळून जातो आणि मागून थकवा येतो. किलर समोर ठाकतो तेव्हा हाती काहीच नसते. पर्क राखायचा तर किलर येईपर्यंत चालतच राहावे लागते, आणि त्या चालण्यातही सेकंद जातात. त्याउलट केट डेन्सनचा विंडोज ऑफ ऑपॉर्च्युनिटी एक मीटरही वेग वाढवत नाही, फक्त आसपासचे पॅलेट, म्हणजे किलरच्या वाटेत पाडायच्या फळ्या, आणि खिडक्या ठळक करून दाखवतो. ज्याला मॅप पाठ आहे त्याला तो फुकट जागा अडवणारा वाटेल. तुला मात्र तो प्रत्येक चेसमध्ये, म्हणजे पाठलागात, भिंतीवर आपटण्यापासून वाचवील, आणि आज तुझे सर्वांत जास्त सेकंद नेमके तिथेच गळतात. शिवाय तू अनोळखी लोकांबरोबर खेळतेस आणि गेममध्ये बोलायची सोय नाही, तेव्हा किंड्रेड हा सगळ्यांना मिळणारा पर्क जोडीला असू दे. दुसरे कोणी हुकवर गेले की बाकीचे कुठे आहेत ते तुला दिसते, तू स्वतः गेलीस की ते सगळ्यांना दिसते, आणि एकाला सोडवायला तिघे धावण्याचा मूर्खपणा टळतो.

यावर तू म्हणशील की, क्लॉडेट गडद कपड्यांत झुडपात दिसतच नाही, काहींची चण लहान असते, काही जण जखमी झाल्यावर कमी कण्हतात, मग सगळे सारखे कसे? हे फरक आहेत, नाकारत नाही. पण झुडपात बसलेली क्लॉडेट जनरेटर दुरुस्त करत नसते आणि किलरला गुंतवतही नसते. तिच्या लपण्याची किंमत उरलेले तिघे मोजतात. एखाद्या पात्राचा चेहरा, त्याची गोष्ट किंवा त्याचा कोट आवडला म्हणून ते घेतलेस तर माझी काही हरकत नाही. सर्व्हायव्हरच्या बाबतीत आवडीला जवळजवळ काही मोल द्यावे लागत नाही.

किलरच्या बाबतीत सगळे उलटते. पर्क इथेही एकाचे दुसऱ्याला लावता येतात, पण प्रत्येकाची शक्ती त्याची एकट्याची आणि ती कुणाला उसनी मिळत नाही. म्हणून इथे निवडीला अर्थ आहे. बघायचे ते दोन गोष्टींत: चेस किती लवकर संपतो आणि एक जण पडल्यावर मॅपच्या दुसऱ्या टोकाच्या जनरेटरपाशी किती लवकर पोहोचता येते. सेकंदाला ४.६ मीटर चालणारा किलर पुढे पळणाऱ्याशी असलेले बारा मीटरचे अंतर मोकळ्या मैदानात वीस सेकंदांत कापतो. हंट्रेसचा वेग ४.४, तिला त्याच बारा मीटरना तीस सेकंद लागतात. ती तूट ती कुऱ्हाड फेकून भरून काढते. आणि यादीत सगळ्यांच्या डोक्यावर बसलेली नर्स? तिचा वेग ३.८५. पुढे पळणाऱ्यापेक्षाही कमी, म्हणजे चालत जाऊन ती कुणालाच गाठू शकत नाही. तिची सगळी भिस्त ब्लिंकवर. ती भिंतीतून आरपार झेप घेते, त्यामुळे ज्या पॅलेट-खिडक्यांवर सर्व्हायव्हरचा जीव टांगलेला असतो त्यांना तिच्यापुढे अर्थच उरत नाही. दोन्ही कसोट्यांवर ती अव्वल ठरते ती यामुळे.

पण ब्लिंक करायचा म्हणजे काय करायचे ते जरा जवळून बघ. बटण दाबून धरायचे, किती धरले त्यावर झेपेची लांबी ठरते, आणि सोडताना समोर बहुधा कोरी भिंत असते. भिंतीपलीकडचा माणूस सरळ गेला, वळला की जागीच थबकला, हे अंदाजाने ओळखायचे. अंदाज चुकला तर लगेच दुसरी झेप, तीही चुकली तर नर्स मान टाकून धापा टाकत उभी राहते आणि तेवढ्यात पुढचा पसार होतो. बिहेवियरने वेळोवेळी किलरांचे किल रेट, म्हणजे कोण किती टक्के सर्व्हायव्हर मारतो ते, जाहीर केले आहेत. सरासरी ६० टक्क्यांच्या आसपास ठेवायची हे त्यांनी उघडच सांगितले आहे. या आकड्यांत सगळे खेळाडू एकत्र धरले की, नर्स अनेकदा तळाच्या नावांत दिसली आहे. जी टियर लिस्टमध्ये पहिली, तीच प्रत्यक्ष निकालांत मागे! दोन्ही खरे आहे. एक आकडा मोजक्या हातांचा आहे, दुसरा सर्वांचा. आणि तू अजून सर्वांमध्ये आहेस.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. शेवटी नर्सच शिकायची तर पहिल्या दिवसापासून तिच्यावरच वेळ का घालू नये, रेथसारख्या मधल्या किलरवर का दवडावा? जिला पुढे आयुष्यभर नर्सच खेळायची आहे तिने तसे जरूर करावे. रेथवर लागलेल्या सवयी नर्सला फारशा उपयोगी पडत नाहीत, हे मी मान्य करते. पण हे नाणे उलटून बघ. नर्सवर शिकलेलेही इतर कोणावर चालत नाही. पॅलेटपाशी सर्व्हायव्हर कोणत्या बाजूने वळेल, कोणता लूप, म्हणजे अडथळ्याभोवतीची फेरी, सोडून द्यावा, कुठला पॅलेट मुद्दाम खाली पाडून घ्यावा, हे सगळे नर्स कधी शिकतच नाही, कारण तिला त्याची गरज पडत नाही. रेथवर ते शिकलीस की, पंचवीस-तीस किलरांचे दार अर्धे उघडते. रेथ सामान्य वेगाने चालतो, अदृश्य असताना त्याहून जलद जातो, त्यामुळे मॅप त्याला मोठा पडत नाही. आणि त्याची शक्ती नेम चुकला म्हणून वाया जात नाही. घंटा वाजवायची, प्रकट व्हायचे, बाकी सगळा खेळ पायांचा.

दुसरा आक्षेप याच्या बरोबर उलट टोकाचा: सरावच सगळे काही असेल तर ट्रॅपर घेतला तरी काय बिघडले? बिघडते. ट्रॅपरला सापळे मांडायला वेळ लागतो, आणि तो मांडत असतो तेव्हाच तिकडे ९० सेकंदांची घड्याळे चालू असतात. समोर फोनवर बोलत खेळणारे चार मित्र असतील तर एकाने पाहिलेला सापळा चौघांना ठाऊक होतो. प्रत्येक किलरच्या ताकदीला कमाल मर्यादा आहे आणि ती सारखी नाही. पण २०२१ पासून गेम साधारण आपल्या तोडीच्याच खेळाडूंशी गाठ घालतो, त्यामुळे रेथची ती मर्यादा तुला बरेच दिवस आड येणार नाही. आणखी एक गोष्ट यादीवाले विसरतात: किलर निवडताना मॅप कोणता येणार हे माहीत नसते. शेताच्या मोकळ्या मॅपवर हंट्रेस भयंकर, पण लेरीज इन्स्टिट्यूटच्या खोल्या-बोळांत तिच्या कुऱ्हाडी भिंतींवर आदळतात. एकाच मैदानावर चमकणाऱ्यापेक्षा कुठेही पडला तरी निभावून नेणारा किलर नवख्याच्या कामाचा.

राहता राहिला पैशांचा मामला, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. आजचा भारी उद्याही भारी असेल या भरवशावर काही विकत घेऊ नकोस. लेदरफेस या किलरच्या बार्बेक्यू अँड चिली या पर्कमुळे एका सामन्यातून दुप्पट ब्लडपॉइंट, म्हणजे गेममधली कमाई, मिळवता येत, तेवढ्यासाठी कितीतरी जणांनी लेदरफेस घेतला. २०२२ मध्ये एका अपडेटने ती बक्षिशी काढून टाकली. त्याच अपडेटने जनरेटरचे ८० सेकंद ९० केले आणि बिल या सर्व्हायव्हरच्या बॉरोड टाइम या पर्कसारखे संरक्षण हुकवरून सोडवलेल्या प्रत्येकाला फुकट देऊन टाकले. स्कल मर्चंट या किलरवर लोक इतके वैतागले की, २०२४ मध्ये विकसकांनी तिला जाणूनबुजून दुबळी करून ठेवली. कंपनीच्या स्वतःच्या कथेतली पात्रे, म्हणजे केटही त्यात आली, खेळून मिळणाऱ्या इरिडेसंट शार्डवर उघडता येतात. सिनेमांतून आणि दुसऱ्या गेममधून आलेल्यांना मात्र रोख मोजावे लागतात. श्राइन ऑफ सीक्रेट्स या गेममधल्या दुकानात कधीकधी पात्र न घेताही त्याचा पर्क शार्डवर मिळून जातो, तिकडे लक्ष ठेव.

तेव्हा पहिले शार्ड केटवर घाल, किलर म्हणून रेथ धर आणि दहा-पंधरा सामने दुसरे काही बदलू नकोस. दर सामन्यात पहिला चेस किती सेकंद चालला एवढे कागदावर टिपून ठेव, दोन्ही बाजूंचे वेगवेगळे. आकडे मला पाठव. नर्सचे त्यानंतर बोलू. आणि हेडफोन लावून खेळ, पाऊल आणि कण्हणे कुठून येते ते स्पीकरवर नीट कळत नाही.

तुझी,
आत्या