ठाणे ते घाटकोपर, एक प्रकरण

परवा फोनवर तू म्हणालीस, "आजी, हा टॉलस्टॉय माझ्याच्याने काही संपत नाही." साडेतीनशे पानं झाली, साडेआठशे शिल्लक आहेत आणि पियेर त्या फ्रीमेसन मंडळींत जाऊन बसल्यापासून पुस्तक उघडावंसंच वाटत नाही. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. 'वॉर अँड पीस' मी दोनदा अर्ध्यावर सोडलं आणि तिसऱ्यांदा सोळा महिन्यांत पूर्ण वाचलं. त्या सोळा महिन्यांत जे कळलं, त्यातलं निम्मं माझ्या आजीने मला लहानपणीच दाखवलं होतं.

आजी चातुर्मासात पोथी लावायची. एका वर्षी 'हरिविजय', दुसऱ्या वर्षी 'पांडवप्रताप'. श्रीधरांच्या 'हरिविजया'चे अध्याय ३६, 'पांडवप्रतापा'चे ६४. दुपारची झाकपाक झाली की ती ओसरीवर बसायची आणि आळीतल्या चार-पाच बायका ऐकायला यायच्या. चार महिन्यांत ३६ अध्याय, म्हणजे घाई कुठेच नाही. कधी पाहुणे आले की अर्धाच अध्याय व्हायचा, पण पोथी उघडली नाही असा दिवस मला आठवत नाही. पोथी किती झाली, किती उरली, हे कुणी विचारत नसे. आज कृष्णाने काय केलं, एवढंच विचारायच्या.

तू शनिवारी पन्नास पानं वाचायचं ठरवतेस, शनिवार कामात जातो, पुढच्या शनिवारी शंभर पानांचं ओझं होतं. हे आधी बंद कर. टॉलस्टॉयचं पुस्तक दिसायला डोंगर आहे, पण त्याची प्रकरणं किती लहान आहेत बघ. सगळी मिळून ३६१, आवृत्तीप्रमाणे दोन-चार इकडेतिकडे. बहुतेक प्रकरणं चार-पाच पानांच्या पुढे जात नाहीत. या कादंबरीचा सुरुवातीचा भाग '१८०५' या नावाने १८६५ पासून मॉस्कोच्या 'रुस्की व्हेस्तनिक' मासिकात हप्त्याहप्त्याने आला. १८६६ साली त्याच मासिकात दोस्तोयेव्हस्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट'ही क्रमशः येत होती. तेव्हाच्या वाचकांचं भाग्य केवढं! पण त्यांनाही दोन्ही कादंबऱ्या तुकड्यातुकड्यानेच मिळत होत्या, मधले दिवस वाटच बघायची. पुढचे भाग पुस्तकरूपाने येत गेले आणि काम पुरं झालं १८६९ मध्ये. लिहायला ज्याला सहा वर्षं लागली, ते वाचायला एक वर्ष लागलं तर त्यात कमीपणा कसला? रोज एक प्रकरण धरलंस तरी वर्षाच्या आत समाप्ती होते.

माझं प्रकरण लोकलमध्ये व्हायचं. तेव्हा आम्ही डोंबिवलीत राहायचो आणि माझी नोकरी फोर्टला होती. डोंबिवली ते ठाणं उभ्याने, ठाण्याला बहुतेक बसायला मिळे, आणि गाडी सुटली की घाटकोपर येईपर्यंत एक प्रकरण. घाटकोपरनंतर गर्दी अशी वाढायची की पुस्तक धरताच येत नसे. तू तुझं ठाणे-घाटकोपर शोध. सकाळचा चहा असेल, ऑफिसची बस असेल. रात्री अंथरुणात मात्र नको. दमलेल्या डोळ्यांनी तेच पान तीन रात्री वाचलं जातं आणि मग पुस्तकच कंटाळवाणं वाटायला लागतं.

आजीची एक रीत मी अजून पाळते. त्या दिवशीचा अध्याय संपला की ती पोथी लगेच मिटत नसे. पुढच्या अध्यायाच्या दोन-चार ओव्या वाचायची आणि मग मिटायची. मला वाटायचं, हे देवाधर्माचं काहीतरी असेल. टॉलस्टॉय वाचताना त्यातली सोय कळली. प्रकरण संपल्यावर थांबलं की मन म्हणतं, झालं. पुढचा एक परिच्छेद वाचून थांबलं की दुसऱ्या दिवशी दार आधीच किलकिलं असतं. कुणीतरी घोड्यावरून आलेलं असतं, कुणीतरी पत्र फोडत असतं. तिथून आत जायला कष्ट पडत नाहीत.

आता नावांचं. तू म्हणालीस, सुरुवातीच्या त्या आन्ना पाव्हलोव्हनाच्या मेजवानीतच निम्मी नावं डोक्यावरून गेली. माझीही गेली होती. पहिल्यांदा सोडलं ते तिथेच. पण आपण मोठ्या लग्नघरात शिरतो तेव्हा दारातल्या प्रत्येकाचं नाव-गाव विचारत बसतो का? जे महत्त्वाचे असतात ते पुन्हा पुन्हा समोर येतात आणि संध्याकाळपर्यंत ओळखीचे होतात. घराणी तेवढी लक्षात ठेव: रोस्तोव, बोल्कोन्स्की, बेझुखोव, कुरागिन आणि द्रुबेत्स्कोय. एक जाड पुठ्ठा घे, त्यावर ही पाच घरं लिही, माणूस तिसऱ्यांदा भेटला की त्याला त्याच्या घरात टाक. पहिल्या भेटीतच लिहायला गेलीस तर पुठ्ठा भरेल आणि वाचन अडेल. माझा पुठ्ठा एका जुन्या लग्नपत्रिकेचा होता, तोच खूण म्हणून पुस्तकात असे.

रशियन नावांना लोक उगीच घाबरतात. मराठी माणसाने तर मुळीच घाबरू नये. आपणही स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव लिहितो. तेही तसंच. नताशाच्या वडिलांचं नाव इल्या, म्हणून ती नताल्या इल्यिनिच्ना. आंद्रेईचे वडील निकोलाई, म्हणून तो आंद्रेई निकोलायेविच. घरात एक नाव, बाहेर मानाचं दुसरं, हेही आपल्याकडे आहेच. तुझ्या पणजोबांना घरात नाना, गावात मास्तर आणि सरकारी कागदावर तिसरंच नाव होतं. आपला कधी गोंधळ झाला नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. भाषांतर मध्येच बदलू नकोस. माझी प्रत लुईझ आणि एल्मर मॉड यांच्या इंग्रजी अनुवादाची होती, फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्यात घेतलेली. हे दोघे टॉलस्टॉयला प्रत्यक्ष ओळखत होते. त्यांच्या अनुवादात आंद्रेईचा अँड्र्यू आणि निकोलाईचा निकोलस होतो. तुझ्याकडे आहे तो पेविअर आणि व्होलोखोन्स्की यांचा २००७ चा, त्यात नावं रशियन आहेत आणि फ्रेंच संभाषण फ्रेंचमध्येच ठेवून खाली तळटीप दिली आहे. दोन्ही चांगले, पण एकातून दुसऱ्यात उडी मारली की ओळखीची माणसं परकी वाटतात. त्या फ्रेंच तळटिपांनी वैताग येत असेल तर लक्षात ठेव, ते बडे लोक आपल्याच देशात परक्या भाषेत बोलतात, आणि त्याच भाषेचं सैन्य पुढे त्यांच्यावर चालून येतं. एवढं कळलं की प्रत्येक वाक्याची टीप बघितली नाही तरी चालतं.

माझं पुस्तक हातात पेलवत नव्हतं, हीसुद्धा मोठी अडचण होती. लोकलमध्ये एका हाताने कडी धरायची असते. शेवटी मी ते ओळखीच्या बाइंडरकडे नेलं आणि त्याचे चार भाग करून घेतले. त्याला वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण त्याने प्रत्येक भागाला पुठ्ठा घालून कापडी पाठ लावली आणि चार हलकी पुस्तकं हातात दिली. कादंबरीही चार खंड आणि उपसंहार अशीच आहे, त्यामुळे कुठे तोडायचं हा प्रश्न नव्हता. पहिला भाग संपवून कपाटात ठेवला त्या दिवशीचा आनंद मला आजही आठवतो. तू किंडलवर वाचत असशील तर खाली टक्के दिसतात ते बंद कर. तीस टक्के, एकतीस टक्के बघत कुणी गोष्ट ऐकतं का?

आणि सांगत जा. हे सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या डब्यात रोजच्या आठ-दहा जणी होत्या, कुणी मटार सोलायची, कुणी विणायची. एकदा शेजारणीने विचारलं, काय एवढं वाचतेस? मी पियेरची गोष्ट सांगितली. अनौरस मुलगा, अचानक अमाप इस्टेट हाती येते, आणि भोवतालचे लोक त्याला एलेनच्या गळ्यात बांधतात. दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "त्याने नाही म्हणायला हवं होतं गं, त्याच्या मनात नव्हतंच ते." दोन महिन्यांनी सहा जणी विचारायला लागल्या, आज तुझ्या रशियात काय झालं? सांगायचं आहे म्हटल्यावर वाचावंच लागे, आणि सांगताना मलाच कळे की काय समजलं आणि काय निसटलं. आजीच्या पोथीला श्रोत्या होत्या, माझ्या टॉलस्टॉयला डबा मिळाला. तुला कुणी नसेल तर मी आहे.

पुढे काय होतं ते आधी कळलं तर मजा जाते, ही भीतीही सोड. रावण मरणार हे ठाऊक असून आपण रामायण ऐकतो, आणि तरी प्रत्येक वेळी सीतेसाठी जीव तुटतो. वाट चुकलीस तर सरळ कुठूनतरी कथासार वाच आणि परत ये.

लढायांत तू अडशील. त्यात सैन्याच्या हालचाली समजून घ्यायला जाऊ नकोस. टॉलस्टॉय स्वतः सेव्हास्तोपोलच्या वेढ्यात अधिकारी होता. लढणाऱ्याला पूर्ण लढाई कधीच दिसत नाही, हे त्याने तिथे पाहिलं होतं. बोरोदिनोचं रणांगण तो १८६७ मध्ये स्वतः जाऊन फिरून आला होता. म्हणून लढाईत एका माणसाचा हात धरायचा. शेंग्राबेनला तुशिनचा, ऑस्टरलिट्झला आंद्रेईचा. बोरोदिनोला पियेर पांढरी टोपी घालून तोफखान्यात हिंडतो, त्याच्या मागे जा. बाकी धूर आहे, आणि तो त्याने धूर म्हणूनच दाखवला आहे. कागदावर एक रेघ तेवढी काढून ठेव: नेमान नदी, विल्ना, स्मोलेन्स्क, बोरोदिनो, मॉस्को. नेपोलियन १८१२ मध्ये या रस्त्याने आत येतो, आणि परततानाही त्याला स्मोलेन्स्कवरूनच मागे जावं लागतं.

इतिहासाविषयीची प्रवचनं तिसऱ्या खंडाच्या सुरुवातीपासून वाढत जातात. दुसऱ्यांदा मी तिथे सोडलं. तिसऱ्या वेळी ती पानं नजरेखालून घातली, थांबले नाही. हे पाप नाही. १८७३ च्या आवृत्तीत खुद्द टॉलस्टॉयनेच हे विवेचन कादंबरीतून काढून शेवटी वेगळं ठेवलं होतं आणि फ्रेंचचंही रशियन केलं होतं. नंतर ते सगळं पुन्हा जागेवर आलं. उपसंहाराचे दोन भाग आहेत, पहिला चुकवू नकोस, त्यात माणसं आहेत. दुसरा बारा प्रकरणांचा निव्वळ विचार आहे. मी तो सहा वर्षांनी वाचला आणि तेव्हा फार आवडला. पण कथाभाग नुसता चाळून पुढे जायचं नाही. प्रवासातला, शिकारीचा, नाताळात सोंगं घेऊन बर्फातून जाण्याचा एकही परिच्छेद गाळू नकोस. या कादंबरीचा जीव तिथे आहे.

खंड पडेल. माझा पडला. तुझ्या आईला कांजिण्या झाल्या तेव्हा दीड महिना पुस्तक उघडलं नव्हतं. खंड पडला तर पहिल्या पानापासून पुन्हा सुरू करायचं नाही, हे मात्र माझं ऐक. पुन्हापुन्हा पहिल्यापासून वाचणारे लोक त्या मेजवानीतली पानं चार-चारदा वाचतात आणि बोरोदिनोला कधीच पोचत नाहीत. थांबताना पुठ्ठ्याच्या मागे तीन ओळी लिहायच्या: कोण कुठे आहे, कुणाचं कुणाशी बिनसलं आहे, कुणाची वाट पाहिली जाते आहे. परत आलीस की त्या तीन ओळी आणि मागचं एक प्रकरण वाच, आणि पुढे चल. मधल्या काळात दुसरी मोठी कादंबरी धरू नकोस. कविता वाच, कथा वाच.

पहिला खंड संपतो तिथे आंद्रेई जखमी होऊन पडतो आणि त्याला वर उंच आभाळ दिसतं. ते वाचून ज्याला काहीच झालं नाही त्याने पुस्तक खुशाल ठेवून द्यावं, असं माझं मत आहे. तू मात्र ते वाचून रात्री साडेअकराला मला फोन केला होतास. म्हणून मी तुला सोडू देत नाही.

फ्रीमेसनांची उरलेली प्रकरणं या आठवड्यात रोज एक या हिशेबाने काढ. पियेर चांगुलपणा शोधतो आहे आणि चुकीच्या दारात उभा आहे, एवढं ध्यानात ठेवून वाच, म्हणजे राग येणार नाही. मग दुसऱ्या खंडाचा तिसरा भाग येईल. त्याची पहिली तीन प्रकरणं रोज एक वाचू नकोस, तेवढी एका बैठकीत वाच. आंद्रेई घोडागाडीतून चालला आहे, वाटेत एक म्हातारा ओक वृक्ष आहे, सगळ्या रानाला पालवी फुटली आणि तो एकटा निष्पर्ण. मग ओत्राद्नोयेच्या घरी रात्री वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून एका मुलीचा आवाज येतो, तिला चांदण्यात झोप लागत नाहीये. आणि मग परतीचा रस्ता. त्या ओकाचं काय झालं ते मी सांगणार नाही. रविवारी सकाळी फोन कर आणि तू मला सांग.