ऑनलाइन खेळ आणि संगणकाचा पहारा

शाळा, ग्रामपंचायत, सेवा केंद्र आणि घर या सर्व ठिकाणी संगणक आता रुळला आहे. विद्यार्थ्यांची माहिती ‘यू-डायस प्लस’ प्रणालीत भरली जाते, ग्रामपंचायतीची देयके ‘ई-ग्रामस्वराज’ प्रणालीतून डिजिटल स्वाक्षरीने अदा होतात आणि शेतकरी कुटुंबाचा बँक व्यवहार मोबाइलवर चालतो. पुष्कळ ठिकाणी याच यंत्रावर फावल्या वेळी मुले व तरुण ऑनलाइन खेळ खेळतात. खेळणे हा दोष नव्हे. मात्र खेळ वेगाने चालावा किंवा फुकट मिळालेली एखादी फाइल उघडावी, एवढ्यासाठी यंत्राचे संरक्षण काही वेळ बंद ठेवण्याची सवय वाढली आहे. या सवयीची किंमत एकटा खेळणाराच मोजतो असे नाही. त्या यंत्रावर ज्यांची ज्यांची माहिती साठवलेली असते, त्या सर्वांना ती मोजावी लागते.

नाते जुनेच

खेळ आणि संगणक विषाणू यांचे नाते चार दशकांहून जुने आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील रिच स्क्रेंटा या १५ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९८२ मध्ये ‘अ‍ॅपल २’ या संगणकासाठी ‘एल्क क्लोनर’ नावाची आज्ञावली लिहिली. त्या काळी मुले खेळांच्या फ्लॉपी चकत्या एकमेकांना देत असत. त्या देवघेवीतूनच हा विषाणू एका संगणकातून दुसऱ्यात गेला. बाधित चकतीवरून संगणक पन्नासाव्या वेळी सुरू केला की पडद्यावर काही विनोदी ओळी उमटत. हेतू थट्टेचा होता. १९८६ मध्ये लाहोर येथे तयार झालेला ‘ब्रेन’ हा विषाणूही फ्लॉपीतूनच देशोदेशी पोहोचला.

आज फ्लॉपी इतिहासजमा झाली आहे आणि थट्टेची जागा संघटित गुन्हेगारीने घेतली आहे. मार्ग मात्र फारसा बदललेला नाही. मित्राने दिलेला खेळ कुतूहलाने आणि विश्वासाने उघडला जातो, ही मानवी प्रवृत्तीच विषाणूचे वाहन ठरते.

या लढ्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. सातारा जिल्ह्यातील कैलास व संजय काटकर या बंधूंनी पुण्यात कॅलक्युलेटर व संगणक दुरुस्तीच्या लहानशा व्यवसायातून सुरुवात केली आणि १९९० च्या दशकात ‘क्विक हील’ ही विषाणूप्रतिबंधक आज्ञावली विकसित केली. दुरुस्तीच्या मेजावर रोज दिसणाऱ्या गरजेतून एक भारतीय उद्योग उभा राहिला, हे उल्लेखनीय आहे.

पहारेकरी काम कसे करतो?

विषाणूप्रतिबंधक आज्ञावलीला सर्वसाधारणपणे ‘अँटिव्हायरस’ म्हणतात. तिचे काम मुख्यतः तीन प्रकारे चालते. पहिला प्रकार ओळख पटवण्याचा होय. पोलीस ठाण्यात सराईत गुन्हेगारांच्या बोटांचे ठसे असतात, त्याप्रमाणे ज्ञात विषाणूंच्या खुणांची यादी अँटिव्हायरसजवळ असते. नवी फाइल आली की तिची या यादीशी तुलना होते. ही यादी रोज वाढत असल्याने तिचे नित्य अद्ययावतीकरण आवश्यक असते. मुदत संपलेला अँटिव्हायरस म्हणजे जुन्या यादीवर विसंबलेला पहारेकरी.

दुसरा प्रकार वर्तनावर नजर ठेवण्याचा आहे. एखादी आज्ञावली अकस्मात शेकडो फाइलींचे स्वरूप बदलू लागली किंवा ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड वाचू लागली, तर ती यादीत नसली तरी अडवली जाते. तिसरे काम विलगीकरणाचे आहे. संशयित फाइल पुसून न टाकता बंदिस्त कप्प्यात ठेवली जाते. त्यामुळे संशय चुकीचा निघाल्यास ती परत मिळवता येते.

पहारा का उठवला जातो?

पहिले कारण वेगाचे आहे. आधुनिक खेळ आकाराने मोठे असतात व चालताना असंख्य फाइली उघडतात. अँटिव्हायरस त्या तपासतो, तेव्हा अपुरी स्मृती असलेला जुना संगणक अडखळतो. ही तक्रार सर्वस्वी खोटी नाही. परंतु तिच्यावर संरक्षण बंद करण्यापेक्षा चांगला तोडगा उपलब्ध आहे. अनेक अँटिव्हायरसमध्ये ‘गेम मोड’ अशी सोय असते. ती चालू केली की सूचना दाखवणे व संपूर्ण संगणकाची नियोजित तपासणी पुढे ढकलली जाते, तात्काळ संरक्षण मात्र जागे राहते. शिवाय एका संगणकावर दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालवल्यासही वेग मंदावतो. अशा वेळी त्यांपैकी एक काढून टाकणे हाच खरा उपाय असतो.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. विकतचा खेळ फुकट चालवणारी ‘क्रॅक’ फाइल अथवा प्रतिस्पर्ध्यावर अन्यायाने मात करून देणारी ‘चीट’ फाइल शोधली जाते. तिच्यासोबत बहुधा एक सूचना असते : ‘प्रथम अँटिव्हायरस बंद करा, तो विनाकारण धोका दाखवतो.’ अशा काही फाइलींबाबत अँटिव्हायरस खरोखरच चुकीचा इशारा देतो, म्हणूनच ही सूचना खरी वाटते. फाइलीत दडलेला चोर नेमका याच समजुतीचा लाभ घेतो. मोबाइलवरही तोच प्रकार घडतो. अधिकृत भांडाराबाहेरून ‘एपीके’ फाइल घेताना ‘प्ले प्रोटेक्ट’ ही तपासणी बंद करण्यास सांगितले जाते. घरात शिरू पाहणारा अनोळखी मनुष्य आधी कुत्रा बांधून ठेवण्यास सांगतो, तेव्हा घरधनी सावध होतो. तीच सावधगिरी येथे हवी.

घडलेली उदाहरणे

२०१५ मध्ये पसरलेल्या ‘टेस्लाक्रिप्ट’ या खंडणीखोर विषाणूने सुरुवातीस सुमारे ४० खेळांशी संबंधित फाइली लक्ष्य केल्या होत्या. खेळातील जतन केलेली प्रगती कुलूपबंद करून तो पैसे मागत असे. मे २०१६ मध्ये त्याच्या कर्त्यांनीच काम थांबवून मुख्य किल्ली जाहीर केली. असे क्वचितच घडते.

२०२२ मध्ये उघडकीस आलेले एक प्रकरण विशेष बोधप्रद आहे. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या लोकप्रिय खेळात लबाडी रोखण्यासाठी एक घटक वापरला जात असे. त्याला संगणकाच्या अंतर्भागापर्यंत अधिकार होते व त्यावर वैध डिजिटल स्वाक्षरीही होती. खंडणीखोरांनी हा घटक स्वतःच बाधित संगणकावर आणून बसवला आणि त्याच्या साहाय्याने तेथील अँटिव्हायरस बंद पाडला. त्या संगणकावर तो खेळ असण्याचीही गरज नव्हती. पहारा उठवणे हे चोराचे पहिले काम असते आणि त्यासाठी तो एवढा खटाटोप करतो, हे यावरून स्पष्ट होते. खेळणारा स्वतःच पहारा उठवतो, तेव्हा चोराचे निम्मे काम फुकटात होते.

नामांकित ठिकाणीही धोका पूर्णतः टळत नाही. जून २०२३ मध्ये ‘माइनक्राफ्ट’ या खेळासाठी इतरांनी तयार केलेल्या काही जोड-आज्ञावलींत पासवर्ड चोरणारा विषाणू आढळला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘स्टीम’ या मोठ्या खेळभांडाराने ‘पायरेटफाय’ नावाचा खेळ याच कारणास्तव काढून टाकला आणि तो उतरवून घेतलेल्यांना अँटिव्हायरसने संपूर्ण तपासणी करण्याचा सल्ला दिला. अधिकृत भांडार हे आवश्यक आहे. पण ते पुरेसे नाही.

सार्वजनिक संगणकाची विशेष जबाबदारी

हल्लीचे चोरटे विषाणू पडद्यावर काहीच दाखवत नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, चालू असलेल्या प्रवेशाच्या खुणा व कळफलकावर दाबलेली अक्षरे ते गुपचूप बाहेर पाठवतात. खेळ नीट चालत राहतो, म्हणून कोणाला शंका येत नाही.

हाच संगणक ग्रामपंचायतीचा असेल तर? डिजिटल स्वाक्षरीचे टोकन यंत्राला जोडलेलेच राहिले आणि त्याचा पिन कळफलकावरून टिपला गेला, तर सार्वजनिक निधीच्या व्यवहारास धोका पोहोचू शकतो. शाळेचा संगणक असेल तर शेकडो बालकांची नावे, जन्मतारखा व पालकांचे दूरध्वनी क्रमांक परक्या हाती जाऊ शकतात. नागरिकांनी ही माहिती स्वखुशीने नव्हे, तर शासकीय कामाची गरज म्हणून विश्वासाने दिलेली असते. तिचे रक्षण हा कार्यालयीन कर्तव्याचा भाग होय. म्हणून कार्यालयीन संगणकावर खेळ बसवू नयेत, हा नियम निरपवाद असावा.

कोणती दक्षता घ्यावी?

१. घरातील वा शाळेच्या प्रयोगशाळेतील संगणकावर दोन प्रकारची खाती ठेवावीत. प्रशासकाचे खाते जबाबदार व्यक्तीकडे असावे आणि मुलांना साधे खाते द्यावे. साध्या खात्यातून अँटिव्हायरस बंद करता येत नाही, तसेच संगणकात मोठे बदल करणाऱ्या आज्ञावली बसवता येत नाहीत.

२. अँटिव्हायरस एकच असावा व तो अद्ययावत असावा. विंडोज ८ पासून पुढील विंडोज प्रणालींत ‘डिफेंडर’ हे विनामूल्य संरक्षण अंगभूत आहे. विकत घेतलेल्या अँटिव्हायरसची मुदत संपल्यास त्याचे नूतनीकरण तरी करावे किंवा तो काढून अंगभूत संरक्षण चालू असल्याची खात्री करावी.

३. विंडोजसह सर्व आज्ञावलींचे सुरक्षा-संस्करण वेळेवर स्वीकारावे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ विषाणूने जगभर हाहाकार माजवला, त्यापूर्वी दोन महिने, मार्चमध्येच, ती त्रुटी दूर करणारे संस्करण उपलब्ध झाले होते. विंडोज १० चे नेहमीचे विनामूल्य साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. अशा संगणकांबाबत संबंधितांनी निर्णय लांबवू नये.

४. खेळ अधिकृत भांडारातूनच घ्यावेत. ‘क्रॅक’ व ‘चीट’ फाइली कटाक्षाने टाळाव्यात. खेळातील फुकट नाणी वा हिरे देण्याचे आमिष दाखवणारे दुवे उघडू नयेत.

५. अँटिव्हायरसने इशारा दिल्यास फाइल विलगीकरणातच राहू द्यावी व जाणकाराचा सल्ला घ्यावा.

६. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन काम संपताच काढून कुलपात ठेवावे. महत्त्वाच्या माहितीची प्रत वेगळ्या साधनावर घ्यावी आणि ते साधन संगणकाला सतत जोडून ठेवू नये.

अँटिव्हायरसच्या मर्यादा

अँटिव्हायरस फाइल अडवू शकतो, माणसाचा भोळेपणा अडवू शकत नाही. खेळातील अनोळखी सोबत्याला मुलाने स्वतःच पासवर्ड किंवा ओटीपी सांगितला, तर तेथे कोणतीही आज्ञावली उपयोगी पडत नाही. म्हणून खेळाच्या खात्याला वेगळा पासवर्ड असावा व द्विस्तरीय पडताळणी चालू ठेवावी. पालकांचे बँक अ‍ॅप असलेला मोबाइल खेळासाठी देताना त्या अ‍ॅपला स्वतंत्र कुलूप असावे.

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला असून २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. ई-स्पोर्ट्स व पैसे न लावता खेळले जाणारे खेळ यांपासून या कायद्याने असे खेळ वेगळे केले आहेत. असा खेळ देऊ करणाऱ्या दुव्याकडे दुहेरी संशयाने पाहणे इष्ट ठरते.

बाधा झाल्यास

संगणक बाधित झाल्याचा संशय येताच त्याचे इंटरनेट तोडावे, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन काढावे आणि अद्ययावत अँटिव्हायरसने संपूर्ण तपासणी करावी. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून. बाधित यंत्रावर टाकलेला नवा पासवर्डही चोराच्याच हाती पडतो. भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. तेथे संगणक स्वच्छ करण्याची साधने विनामूल्य मिळतात. खात्यातून पैसे गेले असल्यास बँकेला कळवून १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब दूरध्वनी करावा. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावरही नोंदवता येते. रक्कम पुढे वळवली जाण्यापूर्वी ती गोठवता यावी, यासाठी पहिले काही तास मोलाचे असतात.

मुलाने चूक कबूल केली तर त्याला प्रथम धीर द्यावा. रागाच्या भीतीने तो दोन दिवस गप्प राहिला, तर होणारे नुकसान मूळ चुकीहून मोठे असते. शिक्षकांनी वर्गात आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हा विषय आवर्जून मांडला पाहिजे. मुलांच्या हातून खेळ हिरावून घेण्याची गरज नाही. खेळ चालू असतानाही पहारा जागा ठेवण्याची शिस्त त्यांच्या अंगी बाणवली, तर घर, शाळा व ग्रामपंचायत ही तिन्ही सुरक्षित राहण्यास मोठाच हातभार लागेल.